नऊ जणांच्या खांद्यावरची सायकल

मी एक फाईल आहे. कपाटात धूळ खात पडलेली, लाल फितीतली नव्हे, संगणकातली. माझं नाव 'मानपत्र_नमुना_फायनल_२'. फायनलच्या पुढे दोन कशाला, असं विचारू नका. पहिली फायनल कुठे गेली ते मलाही ठाऊक नाही. औसा तालुक्यातल्या टेंभुर्णवाडीच्या शाळेत माझा मुक्काम असतो आणि आजवर नऊ जणांचा सत्कार माझ्या जोरावर झालेला आहे. हे मी पूर्वी फार अभिमानानं सांगत असे. आता जरा हळू आवाजात सांगते.

माझा जन्म २००९ साली लातूरच्या एका टायपिंगच्या दुकानात झाला. शाळेचे मुख्याध्यापक बसवराज सर निवृत्त होणार होते. मराठी शिकवणारे माणिकप्पा गुरुजी ऑपरेटरच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि तोंडातली बडीशेप चघळत मला सांगू लागले. गुरुजींना एका विशेषणानं कधी भागत नसे. शिस्तप्रिय झालं की वक्तशीर, वक्तशीर झालं की मृदुभाषी, मग निगर्वी, मग विद्यार्थिप्रिय. 'ज्ञानदीप प्रज्वलित करणारे' हे तर त्यांनी दोन वेळा घातलं.

"गुरुजी, एवढं एका पानात बसत नाही. बॉर्डर काढावी लागेल," ऑपरेटर म्हणाला.

"बॉर्डर राहू द्या. अक्षर बारीक करा," गुरुजी म्हणाले.

या सगळ्या नटण्यामुरडण्यात गुरुजींनी एक साधं वाक्यही टाकलं होतं. 'पावसाळ्यात तावरजेला पूर आलेला असताना सरांनी सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, पण शाळेची वेळ चुकू दिली नाही.' हे खरं होतं. गावातल्या चार जणांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. समारंभात हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा बसवराज सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. त्या दिवशी मी खरी होते.

पुढच्या वर्षी दुसरे एक सर निवृत्त झाले. गुरुजींनी मला पेनड्राइव्हमधून काढलं, वरचं नाव बदललं, नव्या नावानं सेव्ह केलं आणि छापून आणलं. विशेषणं तीच. सायकलही तीच. गुरुजींच्या लक्षात आलं नाही म्हणावं, तर त्यांचं सगळं लक्ष बॉर्डरीवर होतं. यंदा ती सोनेरी करायची होती.

मग गुरुजी स्वतःच निवृत्त झाले. त्यांच्या मानपत्रातही त्यांनीच रचलेली सायकल त्यांच्याच खांद्यावर आली. ते स्टेजवर बसून शांतपणे ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्यानंतर शाळेचा कारभार भागवत सरांकडे आला. भागवत सर माणूस चांगला. मुलांवर हात उचलत नाहीत, सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. पण दोन बोटांनी टाइप करतात, आणि पत्र असो की अहवाल, जुनी फाईल उघडून नाव बदललं की काम झालं, अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत त्यांची एकट्याची नाही. मी ज्या संगणकांतून फिरले तिथे सगळीकडे हेच पाहिलं. नवीन कोरं पान उघडायला माणसं फार घाबरतात.

गावातलं कुणीही निघालं की शाळेतर्फे शाल, श्रीफळ आणि मी. पोस्टमनला मी दिली गेले. त्याच्याकडे निदान सायकल होती. तलाठ्याची बदली झाली तेव्हा त्यालाही दिली गेले. तो पहिल्या दिवसापासून मोटारसायकलवर यायचा. आपण सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडल्याचं ऐकून तो चपापला नाही. उलट मान हलवून 'हो, हो' केलं. उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या वेळी तर मधल्या एका ओळीत 'सरांनी' तसंच राहिलं आणि ते माईकवरून वाचलंही गेलं. कुणी हसलं नाही. लोकांचं लक्ष शालीच्या रंगाकडे होतं आणि पुढच्या रांगेत चहा आला होता.

तेव्हा माझी खात्रीच झाली, की मला ऐकतं असं कुणीच नाही. मी वाचली जाते, फ्रेम होते, भिंतीवर लागते. ऐकत मात्र कुणी नाही. यात माझी मोठी चूक होती, पण ते मला फार उशिरा कळलं.

मधे दोन वर्षं कोरोनाची गेली. समारंभ नव्हते. मी नुसती पडून होते. नंतर शाळेला नवा लॅपटॉप मिळाला आणि त्यात मला उघडलं तर माझी सगळी अक्षरं जुन्या फॉन्टमुळे खडेगोटे झालेली. 'ज्ञानदीप'च्या जागी टिंब, कंस आणि इंग्रजी एबीसी.

मला त्यातून बाहेर काढलं पुनम मॅडमनी. त्या तीन वर्षांपूर्वी शाळेत आल्या. मूळच्या हदगावकडच्या. पहिल्यांदा मला उघडून त्या म्हणाल्या, "हे काय आहे बाई? मी मघापासून वाचून राहिले अन् एक अक्षर कळून नाही राहिलं." मग भिंतीवरचं एक जुनं मानपत्र खाली घेऊन, त्यावर बघत त्यांनी मला पुन्हा टाइप केलं. सायकलीच्या ओळीवर त्या जराशा थांबल्या आणि "बापरे, काय माणसं होती" असं म्हणाल्या. मला बरं वाटलं.

त्यांनी आम्हा सगळ्या फाईली इंटरनेटवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवल्या. कुठूनही उघडता येतात. तिथे माझ्या शेजारी वेळापत्रक होतं, गणवेशाची यादी होती आणि 'चव_नोंदी' नावाची एक फाईल होती. या शेजारणीशी मी कधी फारसं बोलले नाही.

शाळेत दुपारी मुलांना जेवण मिळतं, हे तुम्हाला माहीत आहे. ते वाढण्याआधी रोज एक शिक्षक किंवा एखाद्या मुलाची आई येऊन चव घेते आणि वहीत शेरा लिहिते. वरून पत्र आलं की या नोंदी टाइप करून ठेवा, म्हणून पुनम मॅडमनी तीन वर्षांच्या वह्या तिच्यात उतरवल्या होत्या. मी एकदा डोकावून पाहिलं. 'आज मटकी. चांगली.' 'वरण पातळ. भात मऊ.' 'मीठ कमी होतं, सुभद्राबाईनी परत टाकलं.' पानंच्या पानं हेच. स्तुतीचं एक विशेषण म्हणून नाही. 'चांगली' हे एकच, ते तरी किती वेळा यावं! मी मनात म्हटलं, हिला कुणी फ्रेम करणार नाही.

आता सुभद्राबाईंचं सांगते. शाळेतलं जेवण त्याच शिजवत. मी आणि त्या एकाच वर्षी शाळेत आलो. शाळेपासून तिसरं घर त्यांचं. नवरा लवकर गेला, एक मुलगी, अयोध्या. तिला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं आणि उदगीरला दिलं. यंदा एप्रिलमध्ये त्यांचं वय झालं म्हणून त्यांना थांबायला सांगितलं आणि जूनपासून दुसरी बाई ठरली. भागवत सरांनी निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला. शाल आणि श्रीफळ.

तीन दिवस आधी सुभद्राबाई ऑफिसात चहा घेऊन आल्या. कप ठेवले आणि गेल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या. मी लॅपटॉपमध्ये उघडीच होते, कारण मॅडम फोल्डर आवरत होत्या.

"सर, कागद बी वाचत्यात न्हवं? फ्रेमचा?"

भागवत सर अवघडले. "मावशी, मानपत्र म्हणजे… ते नोकरीतल्या लोकांचं असतं. तुम्ही मानधनावर."

"ते खरं हाय. पर उदगीरवरनं अयोध्याची सासू येणार हाय. उमाबाई. मीच बलावलंय."

"मग येऊ द्या की."

सुभद्राबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "साखरपुड्याला मी उशिरा पोचले व्हते सर. पाव्हणे बसून ऱ्हायले. तवापासनं बोलती ती पोरीला. सणाला गेली तरी तेच, पाणी आणायला गेली तरी तेच. तुझी आई नटत बसली असंल, आमचा मान तिनं ठिवला न्हाई. तीन वर्सं झाली. एकदा तिच्या कानावर पडू द्या, मी हितं काय करत व्हते ते."

"उशीर का झाला होता?" पुनम मॅडमनी विचारलं.

"झाला," सुभद्राबाई म्हणाल्या आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेल्या.

भागवत सरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मॅडम, आपली ती फाईल आहे ना, नाव बदलून काढून टाका. द्यायचंच."

पुनम मॅडमच्या लॅपटॉपमध्ये अलीकडे एक नवा मदतनीस आला आहे. सगळे त्याला एआय म्हणतात. त्याला काय हवं ते लिहून सांगायचं. सांगताना एक तिरकी रेघ टाकली की जवळच्या फाईलींची यादी उघडते. त्यातली एक निवडली की तो ती वाचतो आणि तिच्यावरून नवा मजकूर तयार करून देतो. मॅडमपुढे निकालपत्रांचा गठ्ठा पडलेला होता. त्यांनी लिहिलं, 'या फाईलच्या आधारे सुभद्राबाईंसाठी मानपत्र लिही. त्या सोळा वर्षं शाळेत मुलांचं जेवण शिजवतात.' आणि यादीतून मला निवडलं.

खरं सांगते, मी फुगले. आजवर लोकांनी मला उघडलं होतं, पुसलं होतं, माझ्यावरून दुसऱ्यांची नावं फिरवली होती. पण 'हिच्या आधारे लिही' असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या मदतनिसानं मला डोळ्याची पापणी लवायच्या आत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. इतकं लक्ष देऊन माणिकप्पा गुरुजींनीसुद्धा वाचलं नसेल.

अर्ध्या मिनिटात मानपत्र तयार. शिस्तप्रिय, वक्तशीर, मृदुभाषी, निगर्वी. 'सर' जिथे जिथे होते तिथे न चुकता 'ताई' झालेले. 'स्वयंपाकगृहात ज्ञानदीप प्रज्वलित करणाऱ्या.' आणि पुढे, 'पावसाळ्यात तावरजेला पूर आलेला असताना सुभद्राताईंनी सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, पण भोजनाची वेळ चुकू दिली नाही.'

यात त्याचा दोष नव्हता, हे मी स्पष्ट सांगते. सुभद्राबाईंबद्दल त्याला एक ओळ मिळाली होती आणि माझं मात्र अख्खं पान. त्याला जे दिलं त्याचंच त्यानं केलं. सायकल कुणाची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुनम मॅडमनी स्वयंपाकगृहातला ज्ञानदीप हसून काढून टाकला. सायकलीचं त्यांना नवल वाटलं. 'फाईलमध्ये सरांची होती, मावशींचीही असेल का?' असं पुटपुटल्या. मावशी तरुणपणी शेताला नदीपलीकडे जात असतील, असंही त्यांना वाटलं. त्यांना गावात येऊन तीनच वर्षं झालेली. म्हणून त्यांनी ठरवलं, की छापायच्या आधी हे मावशींना वाचून दाखवावं, खरं-खोटं विचारून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्या लॅपटॉप घेऊन स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेल्या. सुभद्राबाई मोठं पातेलं उपडं घालून घासत होत्या. मॅडम पाटावर बसल्या, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि वाचू लागल्या.

"टेंभुर्णवाडीच्या शैक्षणिक इतिहासात आपले नाव…"

"…सुवर्णाक्षरांनी कोरले जाईल," सुभद्राबाई म्हणाल्या. हात पातेल्यातच होता.

मॅडमनी वर पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"वाचा की फुडं."

"आपण शिस्तप्रिय, वक्तशीर…"

"मृदुभाषी, निगर्वी. मग नदी येती. सायकल हाय का त्यात?"

मॅडमनी लॅपटॉप अर्धा मिटला.

"हे बसवराज सरांचं हाय मॅडम." सुभद्राबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "तलाठ्याला बी हेच वाचलं. नर्सबाईला बी. गुरुजीला बी. सगळ्या कार्यक्रमाला चहा माझाच. पडद्यामागं चहा गाळत ऐकायची मी. नऊ डाव ऐकलंय. पाठ हाय मला सगळं."

इतकी वर्षं मी समजत होते की मला कुणी ऐकत नाही. ऐकणारी पडद्यामागे उभी होती, हातात गाळणी घेऊन.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "ही सरलोकं मोठी. त्यास्नी येवढं खोटं चालतंय. आपल्या येळेला तरी खरं…" उठून पातेलं जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम. शाल द्या, नारळ द्या. कागद नको. उमाबाईला चांगलं ठावं हाय, मला सायकल येत न्हाई."

शेवटचं वाक्य त्या हसून म्हणाल्या. मॅडमना हसू आलं नाही. मलाही लाज वाटली. फाईलीला कसली लाज, असं तुम्ही म्हणाल. पण सोळा वर्षं मी ज्यांना दिली गेले त्यांच्यातल्या फक्त एकाबद्दल मला काही माहीत होतं, आणि ज्या बाईनं मला नऊ वेळा पूर्ण ऐकलं तिच्याबद्दल माझ्यात अवाक्षर नव्हतं. मला लाज वाटली, एवढंच.

मॅडम ऑफिसात परत आल्या. भागवत सरांना सगळं सांगितलं. सर पार ओशाळले. "नऊ वेळा?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "आता नवीन लिहायचं म्हणजे मॅडम, कार्यक्रम परवा. आणि लिहायचं काय? त्या रोज यायच्या, शिजवायच्या, जायच्या."

"ते रोजचं कुठंतरी लिहिलेलं आहे सर," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा मदतनिसाला सूचना लिहिली. यावेळी तिरकी रेघ दोनदा टाकली. पहिल्यांदा मी. दुसऱ्यांदा माझी ती शेजारीण, चव_नोंदी. 'मांडणी पहिल्या फाईलसारखी ठेव. मजकूर फक्त दुसऱ्या फाईलमधला घे. विशेषणं नकोत. जे नोंदलेलं नाही ते लिहू नकोस. प्रत्येक गोष्टीपुढे नोंदीची तारीख दे.'

म्हणजे माझी फक्त बॉर्डर घेतली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी मुकाट्यानं बघत राहिले.

तीन वर्षांच्या त्या कंटाळवाण्या शेऱ्यांतून मदतनीस एकेक ओळ वर काढत होता आणि मला दिसत होतं, की त्या ओळी मी कधी नीट वाचल्याच नव्हत्या. 'पाऊस लई. लाकडं वली. तरी बाराला तयार.' 'पहिलीच्या पोरींना तिखट लागतं म्हणून वेगळं काढलं.' 'गॅस संपला. चुलीवर केलं. धुरानं डोळे लाल.' 'आज नवीन पोरगा आला, लाजत होता. सुभद्राबाईनी शेजारी बसून खाऊ घातलं.' कुणी पेन्सिलीनं लिहिलं होतं, कुणी मोडक्या अक्षरात; मॅडमनी जसंच्या तसं उतरवलं होतं. लिहिणाऱ्या बायकांना आपण कुणाची स्तुती करतोय असं वाटलंच नव्हतं. त्या फक्त मीठ बघायला आल्या होत्या.

आणि एक नोंद तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली होती. मॅडमनी ती वाचली, वहीचं कपाट उघडलं, मूळ वही काढून त्या तारखेचं पान शोधलं आणि पुन्हा वाचली. मग वही तशीच हातात घेऊन शेडकडे गेल्या. लॅपटॉप दुसऱ्या हातात होता, म्हणून मी पण गेले.

मजकूर तपासताना त्यांना एक चूक सापडली होती. मदतनिसानं शेवटी स्वतःच्या मनानं 'सोळा वर्षांत एकही खाडा नाही' असं लिहिलं होतं. त्यांनी तेच आधी विचारलं.

"केला की खाडा," सुभद्राबाई म्हणाल्या. "चिकुनगुन्या झाला तवा अकरा दिवस. चालता येत नव्हतं."

मॅडमनी ते वाक्य पुसलं आणि अकरा दिवस लिहिले. मग वहीतलं ते पान उघडून एकेक शब्द वाचला. सुभद्राबाई चुलीपाशी बसल्या होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी वहीच्या पानावर हात ठेवला.

"हे कुणी लिवलं?"

"खाली सही आहे. सिंधु. तेव्हा दुसरीत असलेल्या पोरीची आई."

"ती? ती तर कवा काय बोलत बी न्हाई."

"ठेवू का हे मानपत्रात? तुम्ही नाही म्हणालात तर काढते."

सुभद्राबाईंनी पदर डोळ्याला लावला. "माझ्या तोंडानं सांगितलं असतं तर उमाबाई म्हणली असती, मोठेपणा सांगती. तिनं लिवलंय तर ऱ्हाऊ द्या."

कार्यक्रम सकाळी शाळेच्या ओट्यावर झाला. मला तो बघता-ऐकता आला, कारण स्वागतगीतासाठी लॅपटॉप ओट्यावर आणून स्पीकरला जोडलेला होता. मुलं सतरंजीवर, बायका भिंतीच्या कडेनं. अयोध्या आली होती. शेजारी उमाबाई, खुर्चीवर ताठ बसलेल्या, पाय हलवत. त्या दिवशी चहा भागवत सरांनी स्वतः केला आणि तो जरा जास्तच गोड झाला असं सगळे म्हणत होते. सुभद्राबाईंना मात्र तो खुर्चीवर बसून प्यायला मिळाला.

पुनम मॅडम मानपत्र वाचायला उभ्या राहिल्या. पहिल्या दोन ओळींतच गावातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण त्यांचेच शब्द त्यांना ऐकू येत होते. ओल्या लाकडांची ओळ आली तेव्हा एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं, हे मी लिवलेलं हाय!" हशा पिकला. अकरा दिवसांच्या खाड्याचं वाचलं तेव्हा सुभद्राबाईंनी खुर्चीतूनच मान डोलावली. चहाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग मॅडमनी ती नोंद वाचली.

"'सतरा फेब्रुवारी. आज मदतीची बाई आली नाही. सुभद्राबाईंच्या अयोध्याचा आज साखरपुडा. आम्ही म्हणालो, तुम्ही जा, पोरं एक दिवस घरी जेवतील. त्या म्हणाल्या, घरी काय हाय? निम्मी पोरं सकाळी उपाशी येत्यात. एकशे अठरा पोरांचं वरण-भात करून, वाढून, मग गेल्या. साडी नेसायला बी येळ न्हवता. मीठ बरोबर होतं. सिंधु.'"

भिंतीशी बसलेल्या सिंधुताईंनी मान खाली घातली होती. अयोध्या आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती त्या दिवशीची नवरी, पण हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

उमाबाईंचे पाय हलायचे थांबले होते.

मानपत्र देऊन झालं, शाल झाली, टाळ्या झाल्या. मुलं जेवायला पळाली. स्पीकर काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून पुढचंही मी ऐकलं. उमाबाई उठून सुभद्राबाईंपाशी आल्या. फ्रेमवर बोट ठेवून म्हणाल्या, "इहीणबाई, तीन वर्सं मी काय काय बोलले. तुमी एका शब्दानं सांगायचं तर व्हतं."

"तुमी इचारलंच न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

उमाबाईंनी फ्रेमवरचं बोट काढलं. मग अयोध्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? आईच्या पाया पड." आणि स्वतःच पातेल्याकडे गेल्या, पळी घेतली, पोरांच्या रांगेत वाढायला उभ्या राहिल्या. वाढायच्या आधी तळहातावर थोडं घेऊन चाखलं.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

ही झाली गोष्ट. आता माझं सांगते. मी अजून त्याच फोल्डरमध्ये आहे. पुनम मॅडमनी मला काढून टाकलं नाही, मला तशी धास्ती होती. त्यांनी माझं नाव बदललं. आता मी 'मानपत्र_फक्त_मांडणी' आहे. माझी विशेषणं आणि सायकलीचं वाक्य काढून त्या जागी टिंबं ठेवली आहेत आणि वर सूचना लिहिली आहे, की माणसाबद्दलची दुसरी फाईल जोडल्याशिवाय ही वापरू नये. पहिल्यांदा मला फार ओकंबोकं वाटलं. आता सवय झाली आहे. शेजारणीशी बोलते. तिच्याकडे रोज नवीन काहीतरी असतं.

तुमच्याही संगणकात माझ्यासारख्या फाईली असतील. तो नवा मदतनीस तुम्ही द्याल ती फाईल वाचेल, मनापासून वाचेल आणि तिच्यात जे असेल तेच पुढच्याच्या नावावर चढवेल. म्हणून माझी एकच विनंती आहे. मला निवडण्याआधी एकदा उघडून वाचा. मी कुणासाठी लिहिली गेले होते, ते बघा.

मागच्या आठवड्यात मॅडमनी एक शेवटचं काम केलं. लातूरला मुलाकडे राहणाऱ्या बसवराज सरांचं मानपत्र वाळवीनं खाल्लं होतं; सरांनी फोन करून नवी प्रत मागितली. मॅडमनी मला उघडलं, सायकलीचं ते जुनं वाक्य एकदाच परत घातलं, छापलं, आणि मग माझ्यातून ते कायमचं पुसलं. सोळा वर्षांनी सायकल ज्याची त्याच्या घरी पोचली.